जुनी गंजलेली कुऱ्हाड आणि नवा दांडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडचं घर आवरताना माळ्यावर, गोठ्यात नाहीतर सरपणाच्या ढिगाखाली एक गंजकी कुऱ्हाड हाती लागते, आणि मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्दांचा गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो: कापतो तो भाग पातं, त्याची कड म्हणजे धार, दांडा जातो ते भोक म्हणजे नेढं, आणि नेढ्यामागचा बोथट जाड भाग म्हणजे तुंबा. तुमच्याकडे वेगळे शब्द असतील, तर ते खुशाल वापरा.

१. आजोबांची कुऱ्हाड सापडली, पण लालभडक गंजली आहे. वापरण्याजोगी होईल का, की भंगारात द्यावी?

बहुतेक वेळा होते. कुऱ्हाडीचं लोखंड जाड असतं आणि गंज वरवर असतो. पापुद्रे सुटलेले दिसले तरी खाली ठणठणीत धातू असतो. फक्त दोनच गोष्टींमुळे कुऱ्हाड निकामी ठरते. एक, नेढ्याच्या भिंतीला तडा. दोन, धारेकडचं पोलाद झिजून संपलेलं असणं. त्यातल्या दुसऱ्यावर इलाज आहे (प्रश्न ९). पहिल्यावर मी इलाज करत नाही.

२. तडा गेलाय हे कसं ओळखायचं? गंजामुळे काहीच दिसत नाही.

दांडा काढलेलं पातं सुतळीला टांगा आणि हातोडीने हलकं वाजवा. अखंड लोखंड घंटेसारखं घुमतं, तडकलेलं बद्द वाजतं. खात्री करायची असेल तर गंज काढून झाल्यावर नेढ्याभोवती रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं पुसून घ्या आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. नेढ्याला अशी रेघ दिसली की ती कुऱ्हाड भिंतीवर आठवण म्हणून लावा. वेल्डिंग करून वापरायला घेऊ नका. डोक्यावरून फिरणाऱ्या किलोभर लोखंडाचा भार त्या जोडावर येतो.

३. जुना दांडा मोडला आहे आणि आतला तुकडा निघत नाही. चुलीत टाकून जाळला तर?

नको. लोहाराने पोलाद तापवून विझवलेलं असतं, त्यालाच आपण पाणी देणं म्हणतो. चुलीच्या निखाऱ्यात ते पाणी उतरतं, पातं मऊ पडतं आणि मग धार एका दिवसात बसते. गावोगावी दांडा असाच जाळतात आणि पुढे वर्षभर 'लोखंडच खराब निघालं' म्हणतात.

त्याऐवजी दांडा नेढ्याच्या खालच्या तोंडाशी करवतीने सपाट कापा. आतल्या लाकडात ड्रिलने पाच-सहा भोकं पाडली की त्याचा जोर जातो. मग पातं दोन विटांवर ठेवून लोखंडी सळईच्या तुकड्याने ठोका. ठोकायचं ते नेढ्याच्या अरुंद तोंडाकडून रुंद तोंडाकडे. ड्रिल लोखंडी पाचरीवर आदळलं तर जागा बदला. तरीही जाळण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर धारेकडचा अर्धा भाग ओल्या चिखलात पुरा आणि चिखल सुकू देऊ नका.

४. गंज काढायचा सोपा, स्वस्त आणि घरच्या घरी होणारा उपाय कोणता?

आधी तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे झाडा. तेलकटपणा असेल तर भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर पुढचं काम ठिगळाठिगळाने होतं. मग प्लॅस्टिकच्या घमेल्यात साधं पांढरं व्हिनेगर घ्या आणि पातं पूर्ण बुडेल असं ठेवा. अॅल्युमिनियमचं भांडं नको. बारा तासांनी बाहेर काढून घासा, गंज उरला तर आणखी बारा तास. मला व्हिनेगरपेक्षा लिंबूसत्त्व आवडतं: लिटरभर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम. वास येत नाही आणि किराणा दुकानात मिळतं.

चोवीस तासांच्या पुढे मात्र जाऊ नका. गंज संपला की आम्ल लोखंडालाच लागतं. मी एकदा कामाच्या गडबडीत पातं चार दिवस तसंच विसरलो. धार मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खाल्ली गेली आणि कानशीने दोन-तीन मिलिमीटर मागे न्यावी लागली.

बाहेर काढल्यावरची पाच मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची. ओलं उघडं लोखंड डोळ्यांदेखत पिवळं पडतं. बादलीभर पाण्यात मूठभर खायचा सोडा घालून त्यात पातं बुडवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग लगेच कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात तापवा आणि कोमट असतानाच तेलाचा हात फिरवा.

५. चिंच चालेल का? आणि बाथरूम साफ करायचं अॅसिड?

चिंच चालते. तांब्याची भांडी घासायला जी आंबट चिंच वापरतो, तीच कोळून लेप द्यायचा. वेळ जास्त लागतो आणि खोल गंज निघत नाही, पण हलक्या गंजाला पुरते.

बाथरूमचं अॅसिड नको. ते गंज झटपट खातं हे खरं, पण त्याच्या वाफांनी त्याच खोलीतली बाकीची हत्यारं गंजतात आणि छातीलाही त्रास होतो. ब्लीचिंगशी चुकून गाठ पडली तर क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेततो.

६. गंज निघाल्यावर खाली काळसर रंग राहिला. तो घासून आरशासारखी चमकवावी का?

तो काळा थर राहू द्या. तो लोखंडाला चिकटून बसलेला असतो आणि तेल धरून ठेवतो. आम्लात बुडवल्यावर उरणारी काळी भुकटी वेगळी, ती हाताला लागते. ती पुसून टाका.

ग्राइंडरला वाळूचा कागद लावून सगळं पातं चकचकीत करण्याची हौस अनेकांना असते. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की आधी पात्याची दोन्ही अंगं नीट पाहा. गंजाखाली ठसा असू शकतो. ब्रिटिश काळात रेल्वे, वनखातं आणि लष्कराकडे इंग्लंडहून कुऱ्हाडी येत. गिल्पिन, एल्वेल अशा कारखान्यांची नावं त्यांवर कोरलेली सापडतात. सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी खूण असे. गावच्या लोहाराने केलेल्या कुऱ्हाडीवरही कधी कधी घरातल्या कर्त्याच्या नावाचं अक्षर छिन्नीने उमटवलेलं असतं. ते एकदा घासून गेलं की गेलं.

७. धार लावायला ग्राइंडर वापरू का?

ज्याचा हात बसला आहे त्याने वापरावा. बाकीच्यांनी कानस घ्यावी. ग्राइंडरच्या चाकाखाली धारेची पातळ कड क्षणात तापते. गवती पिवळा रंग २२०-२३० अंशांच्या आसपास येतो, निळा ३०० च्या आसपास. निळा दिसला म्हणजे तिथलं पाणी उतरलं. पाण्यात बुडवून ते परत येत नाही. निळी रेघ मिलिमीटरभर असेल तर कानशीने काढून टाका. जास्त आत गेली असेल तर प्रश्न ९ पाहा.

८. मग कानशीने धार कशी काढायची? कोन किती ठेवायचा?

दहा इंची सपाट बास्टर्ड (म्हणजे मध्यम खरखरीत दात्यांची) कानस, एक व्हाइस नाहीतर दोन दगडांच्या बेचक्यात घट्ट बसवलेलं पातं, आणि हातात जाड मोजे. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे आणताना उचलून घ्या. मागे-पुढे रगडली तर कानशीचे दाते बसतात. ढकलताना बोटं धारेवरून पुढे जातात, म्हणून कानशीला मूठ हवीच आणि शक्य तर मुठीपुढे चामड्याची चकती अडकवा.

लाकूड तोडायच्या कुऱ्हाडीला दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंश पुरतात. फक्त ओंडके फोडायच्या असतील तर ३० ते ३५. पातं सपाट ताशीव नको, किंचित फुगीर असू द्या. सपाट पातं लाकडात रुततं आणि अडकतं. एका बाजूने घासत गेलं की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखरीत कड लागते. ती पूर्ण लांबीभर लागली की बाजू बदला. शेवटी कार्बोरंडमच्या दगडावर पाणी टाकून गोल गोल फिरवा, ती कड निघून जाईपर्यंत. कुऱ्हाडीला वस्तऱ्याची धार लागत नाही, पण जुन्या वर्तमानपत्राचा कागद सहज कापला गेला पाहिजे.

९. धार लावली तरी टिकत नाही. लोहाराकडे नेली तर तो काय करतो?

आधी तपासा. नवी कानस धारेवर थोडी घसरत, कष्टाने कापत असेल तर पोलाद ठीक आहे. तुंब्यावर जशी लोण्यासारखी चालते तशीच धारेवर चालत असेल, तर एकतर पाणी उतरलं आहे किंवा पोलादच संपलं आहे.

जुन्या देशी कुऱ्हाडींत सगळं पातं पोलादाचं नसे. अंग मऊ लोखंडाचं आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून घणाने जोडलेली. पोलाद महाग होतं म्हणून ही युक्ती, आणि ती उत्तमही होती: मऊ अंग धक्का सोसतं, कडक कड कापते. वर्षानुवर्षं घासून ती पट्टी संपते. गंज काढल्यावर पात्यावर रंगातला फरक दिसतो. धारेकडे एक वेगळी छटा आणि तिची नागमोडी सीमा. ती सीमा धारेला येऊन टेकली असेल तर समजा पोलाद संपलं.

यावर लोहार कुऱ्हाड शेवटून देतो, म्हणजे नवं पोलाद भरतो, घडवतो आणि पाणी देतो. आता बहुतेक लोहार त्यासाठी ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा वापरतात, आणि ते पोलाद या कामाला चांगलं आहे. देताना एवढंच सांगा की नुसतं विझवू नका, नंतर पुन्हा हलकं तापवून पाणी थोडं उतरवाही. विझवून तसंच सोडलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं आणि गाठीवर घाव बसला की धारेचा टवका उडतो. जवळपास भाता चालू असेल तर हे काम त्यालाच द्या. गॅस कटरने तापवून करणाऱ्याकडे मी देत नाही.

१०. दांड्याला कोणतं लाकूड चांगलं?

मिळाला तर धावडा किंवा धामण. धावडा कठीण, चिवट, धक्का पिणारा. धामण लवचिक, हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. पण शेतकऱ्याच्या बांधावर मिळते ती बाभूळ, आणि ती मुळीच कमी नाही. बैलगाडीची चाकं, नांगर, मोगऱ्या, सगळं तिचंच व्हायचं. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण लाकडाच्या दांड्यावरूनच आली आहे. तिवस आणि बोरही चांगले.

साग नको. दार-खिडकीला राजा, पण घावाच्या धक्क्याला तो उभा चिरतो. निलगिरी पिळदार वाढते आणि वाळताना तडकते. भरीव बांबू विळ्या-खुरप्यांना छान, पण कुऱ्हाडीच्या नेढ्यात तो चेपतो आणि सैल होतो. दुकानात तयार मिळणारे रंगवलेले दांडे घेऊ नका, कारण रंगाखाली लाकडाच्या रेषा दिसत नाहीत, आणि दांड्यात पाहायच्या त्या रेषाच (प्रश्न १३).

११. स्वतःच्या शेतातलं झाड दांड्यासाठी तोडायला परवानगी लागते का?

झाड कोणतं यावर आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, तिवस, अंजन, चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडं आहेत. ती मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो. जंगलातून पडलेली फांदी उचलणंही वनउपज म्हणून अडचणीचं ठरू शकतं. आणि खरं सांगायचं तर एका दांड्यासाठी झाड तोडायची गरजच नसते. मनगटापेक्षा थोडी जाड, सरळ फांदी पुरते.

१२. ताज्या तोडलेल्या लाकडाचा दांडा लगेच बसवला तर काय होतं?

महिन्याभरात सुकून आक्रसतो आणि पातं उडायला मोकळं. फांदी उभी चिरून जाडसर तुकडे करा, दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट फासा म्हणजे टोकं तडकत नाहीत, आणि सावलीत, वारा लागेल असं आडवं ठेवा. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरतात. घाई असेल तर दांड्याचा ढोबळ आकार आधी काढून ठेवा, मग चार-सहा महिन्यांत होतं. उन्हात वाळवू नका.

बाभळीच्या पांढऱ्या बाहेरच्या लाकडाला भुंगा लागतो. म्हणून जुनी माणसं ती तोडल्यावर काही आठवडे ओढ्यात, विहिरीच्या हौदात बुडवून ठेवत. कारण त्यातलं पीठ पाण्यात निघून जातं आणि किड्याला खायला काही उरत नाही. अमावस्येच्या सुमारास तोडावं असंही अनेक ठिकाणी मानतात. पाण्यात बुडवण्याचा गुण मात्र मी स्वतः पाहिला आहे.

१३. 'रेषा पाहून दांडा घ्या' म्हणतात. म्हणजे नेमकं काय पाहायचं?

दांड्याच्या अंगावरून बोट फिरवत एक रेषा धरा. ती मुठीपासून नेढ्यापर्यंत दांड्याबरोबर धावली पाहिजे. मध्येच कडेला तिरकी बाहेर पडत असेल, तर दांडा तिथेच, तशाच तिरक्या फाट्याने मोडणार. म्हणून करवतीने कापलेल्यापेक्षा पाचरीने फाडलेलं लाकूड चांगलं. फाडताना लाकूड स्वतःच्या रेषेने फाटतं. टोकाकडून पाहिलं तर वाढीची वर्तुळं धारेच्या दिशेत उभी असावीत. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत ती पुसट असतात, तेव्हा अंगावरच्या रेषांवरच भिस्त ठेवा. मधला गाभा आणि गाठी टाळा.

१४. दांडा किती लांब ठेवू?

सव्वा-दीड किलोच्या पात्याला २८ ते ३० इंच. एका हाताच्या छोट्या कुऱ्हाडीला १४ ते १६. लांब दांड्याचा घाव चुकला तर धार जमिनीत जाते, आखूड दांड्याचा चुकला तर नडगीवर येते. शंका असेल तर लांब ठेवा, नंतर कापता येतो.

१५. आमच्या कुऱ्हाडीला पाचरच नव्हती. दांडा वरून घातला होता. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि याच गोंधळात सगळ्यांत जास्त दांडे वाया जातात. नेढं दोन्ही बाजूंनी पाहा.

वरचं तोंड खालच्यापेक्षा स्पष्ट मोठं आणि भोक निमुळतं गोल असेल, तर ते टिकावासारखं आहे. दांड्याचं एक टोक जाड ठेवतात, बारीक टोक वरून नेढ्यात घालतात आणि पातं जाड टोकाकडे सरकवतात. फिरवताना पातं बाहेर पळायला बघतं आणि आणखी घट्ट होतं. बसवायला जाड टोक दगडावर आपटा. पाचरीची गरज नाही.

नेढं लंबगोल असेल आणि मध्ये किंचित अरुंद किंवा दोन्ही तोंडं जवळपास सारखी असतील, तर दांडा खालून घालून वरून पाचर मारायची. त्याची रीत पुढच्या प्रश्नात.

१६. पाचरीचा दांडा बसवायची नीट पद्धत सांगा.

नेढं आतून गोल कानशीने साफ करा. गंजाचा एखादा कंगोराही लाकूड कापत राहतो. नेढ्याच्या आत दिव्याची काजळी फासा. वाकसाने दांड्याचं डोकं ढोबळ तासून घ्या आणि नेढ्यात घालून बघा. बाहेर काढल्यावर जिथे काळं लागलं असेल तेवढंच लाकूड कानशीने किंवा काचेच्या तुकड्याने खरवडा. पुन्हा घाला, पुन्हा काढा. पंधरा-वीस वेळा करावं लागतं. इथे कंटाळा केला की पुढे कितीही पाचरी ठोका, दांडा टिकत नाही.

आता डोक्यात उभी चीर पाडा, नेढ्याच्या लांब बाजूच्या दिशेत, नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश. पातं घाला. मग कुऱ्हाड उलटी, पातं खाली अधांतरी लोंबेल अशी धरा आणि दांड्याच्या मुठीकडच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. पातं जड असल्याने जागेवर राहतं आणि दांडा त्यात शिरतो. हातोडीने पात्यावर मारण्यापेक्षा हे कितीतरी घट्ट बसतं. आवाज बदलून भरीव झाला आणि पातं पुढे सरकेनासं झालं की थांबा. वर पाच-सहा मिलिमीटर दांडा बाहेर राहू द्या.

पाचर वाळलेल्या कठीण लाकडाची, चिरेएवढीच रुंद. हळूहळू ठोका. लोखंडी पाचर वर तिरकी मारायची पद्धत आहे. मी ती गरज पडली तरच मारतो, कारण पुढच्या वेळी ती काढताना नाकी नऊ येतात. शेवटी पातं हातात धरून दांडा हलवून बघा, आणि पहिले दहा-बारा घाव कोणी समोर-मागे नसताना घाला.

१७. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये कुऱ्हाड ढिली होते. वापरण्याआधी पाण्यात बुडवून ठेवतो, चालतं ना?

तेवढ्या दिवसापुरतं चालतं. पाण्याने लाकूड फुगतं, पण नेढ्याला जागाच नसल्याने त्याचे धागे चेंगरतात, आणि सुकल्यावर ते आधीपेक्षा जास्त आक्रसतात. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात ढिलाई वाढलेली असते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात हे फार जाणवतं. दांडा पावसाळ्यात बसवला असेल तर हमखास होतं, म्हणून जमल्यास बसवण्याचं काम उन्हाळ्यातच करा.

पाण्याऐवजी डोकं जवसाच्या तेलात रात्रभर उभं ठेवा. तेल उडून जात नाही. तरी हलत असेल तर नवी, किंचित जाड पाचर. खिळे ठोकू नका, ते दांड्याला तडा देतात. ट्यूबचे तुकडे कोंबणं ही त्या दिवसाची पळवाट आहे, ती दुरुस्ती मानू नका.

१८. लोखंडी पाइपच वेल्ड करून टाकला तर कटकट मिटेल?

दांडा मोडायची कटकट मिटते. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पात्याचं पाणी उतरू शकतं, आणि प्रत्येक घावाचा हादरा पाइपमधून थेट मनगटात, कोपरात येतो. दिवसभर लाकूड फोडणाऱ्याने तरी हे करू नये.

१९. दांड्याला वॉर्निश की तेल?

तेल. वॉर्निशने घामेजल्या हाताला फोड येतात. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. रंगाच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' लवकर सुकतं. खोबरेल, शेंगदाणा सुकत नाहीत, चिकट राहतात. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसा, दुसऱ्या दिवशी परत. असे चार-पाच हात.

जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

२०. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो. हळद-कुंकू लावलं तिथे नंतर गंजाचे डाग पडतात. काय करावं?

डाग पडतात ते ओलाव्याने. पूजेआधी पात्याला तेलाचा हात असू द्या, हळद-कुंकू कोरडं वाहा किंवा तेलात कालवून लावा. दुसऱ्या दिवशी पुसून परत तेल.

२१. काम करताना गंजलेल्या पात्याने हात कापला. गंजामुळे धनुर्वात होतो का?

गंजाने होत नाही. मातीत, शेणात असणारे जंतू खोल जखमेत शिरले की होतो, आणि गोठ्यातल्या कुऱ्हाडीवर ते असणारच. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारा.

२२. कोकणात पावसाळ्यात कितीही तेल लावलं तरी गंजते. ठेवू कशी?

जमिनीवर नको, भिंतीला टेकूनही नको. आढ्याला किंवा खुंटीला टांगा, चुलीची धग आणि धूर लागेल अशा जागी असेल तर फारच छान. पात्याला चामड्याची खोळ कायमची घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं. ग्रीसचा पातळ थर चार महिने टिकतो, तेल टिकत नाही. नवरात्रात रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसायचं, धारेवर दगडाचे चार हात फिरवायचे आणि पाचर सैल झाली का ते हलवून बघायचं.